मान कोणाची हलली

भगवानराव रस्ता ओलांडून आपल्याच दुकानाकडे येऊन राह्यला, हे राजदीपले लवकर कळलंच नाही. कारण भगवानराव डाव्या बाजूनं आला, आन् राजदीपचा डावा डोळा फक्त नावाले होता. बुबुळावर पांढरं फूल पडलेलं. त्या बाजूनं हत्ती आला तरी राजदीपले आवाजावरूनच कळायचं.

"कामात हायेस का?"

राजदीपनं ग्राइंडर बंद केलं, गॉगल काढला आन् पुरी मान वळवून पाह्यलं. भगवानराव उभा. उजव्या डोळ्यावर रुमाल दाबलेला. मागं त्याचा पोरगा ऋतिक, तोंड उतरलेलं.

चार वर्षांत भगवानरावनं हा रस्ता एकदाही ओलांडला नव्हता. आन् आज रुमाल लावून ओलांडला, तं काय झालं असन हे सांगायची गरज नव्हती. राजदीपच्या छातीत धडधड व्हायले लागली. भीतीची नाही. लग्नाच्या पंगतीत आपलं ताट समोर आलं का होते ना, तशी.

पांढरकवड्यातून यवतमाळकडे जो रोड निघते, त्यावर लोखंडाच्या कामाची सात-आठ दुकानं हायेत. ट्रकचे फाटके पत्रे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, घराची गेटं, सगळं तिथं होते. भगवानरावचं दुकान सगळ्यात जुनं. आन् दुकानापेक्षा त्याची सुई फेमस.

ग्राइंडरचं काम म्हणलं का डोळ्यात लोखंडाची कणी जाणं आलंच. कणी गेली का सगळा रोड भगवानरावकडे. तो खुर्चीवर बसवे, एकाले मागून डोकं धरायले लावे, आगकाडीले दोऱ्यानं बांधलेली शिवणाची सुई लायटरवर फिरवे, आन् टोकानं कणी उचलून घे. एक रुपया घेत नसे. काढलेली कणी फुटक्या स्पीकरच्या मॅग्नेटले चिकटवे. ते मॅग्नेट दुकानात तारेनं टांगलेलं, वीस वर्षांच्या कण्यायनं काळं झालेलं. गिऱ्हाईक आलं का दाखवे. "हे पाहा, इतके डोळे वाचवले म्या."

वाचलेही असतील. ज्यायचे नाही वाचले ते काही मॅग्नेट पाहायले येत नाहीत.

ही सुई भगवानरावनं एकाच पोट्ट्याले शिकवली. राजदीपले. राजदीप तवा त्याच्याच दुकानात कामाले होता, आन् हात एकदम थंड, जरासाही कापे नाही. नऊ जणांच्या कण्या त्यानं सोता काढल्या. तवा त्याले वाटे का आपण अर्धे डॉक्टर झालो. आता आठवलं का सोताचीच लाज वाटते. पण केलं ते केलं, खोटं कायले बोलायचं.

मंग एक दिवस राजदीपच्याच डोळ्यात कणी गेली. तो म्हणे दवाखान्यात जातो. भगवानराव म्हणे, "दवाखान्यात गेला का पट्टी बांधून दोन दिवस घरी बसवतात. बस इथं." मागून डोकं धरलं ऋतिकनं. लायटर झाला, सुई झाली. सुईचं टोक बुबुळाले टेकलं आन् त्याच टायमाले भगवानरावच्या वरच्या खिशातला मोबाइल थरथरून वाजला. हात दचकला.

बस. एक फोन.

कणी निघाली, पण सुई बुबुळात रुतली आन् डोळ्यात पू झाला. तीन महिने यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याच्या चकरा झाल्या. शेवटी फूल राह्यलं. तेवढं तरी राजदीपनं कसंही गिळलं असतं. पण भगवानरावनं सगळ्या रोडवर सांगतलं, "म्या काय करू, पोट्ट्यानं मान हलवली." एका बाजूनं इतक्या वर्षांची सुई आन् चाळीस एकराचा मालक. दुसऱ्या बाजूनं बौद्धपुऱ्यातला बावीस वर्षांचा पोट्टा. लोकायनं कोणाचं ऐकलं असन?

ते वाक्य रोडवर राहून गेलं. समोर शंकरसिंगची चहाची टपरी. राजदीप गिलास घ्यायले हात पुढं करे तं चुके, कारण एका डोळ्यानं वस्तू किती लांब हाय ते बरोबर कळत नाही. चहा सांडे. आन् कोणी ना कोणी म्हणे, "मान नको हलवू राजदीप." मंग सगळे हासत. दोन जागच्या पोरी पाहून झाल्या. दोन्हीकडून निरोप आला का मुलगा कमावता हाय, पण डोळ्यात फूल हाय.

राजदीपनं भगवानरावच्या दुकानासमोरच भाड्यानं जागा घेतली आन् सोताचं काम टाकलं. लोक म्हणे जिद्दी हाय. जिद्द-बिद्द काही नाही. त्याले समोर बसून पाहायचं होतं. भगवानरावले गॉगल कपाळावर चढवून ग्राइंडर चालवायची जुनी सवय होती. राजदीप रोज शटर उचले, ठिणग्या पाहे, आन् वाट पाहे. देवाले तो मानत नव्हता, म्हणून मागायचं कोणाले हा सवाल होता. तं तो ग्राइंडरलेच मागे. एक कणी. जास्त नाही.

आन् हे आता समोर उभं.

"कवा गेली?" राजदीपनं विचारलं.

"काल चार वाजता. हडंब्याची जाळी कापून राह्यलो होतो."

सोयाबीन निघायचे दिवस जवळ आले होते. हडंबा म्हणजे मळणीयंत्र, त्याच्या दुरुस्त्यायची रोडवर लाइन लागली होती.

"आन् कालपासून काय केलं?"

"चोळला," ऋतिक बोलला. "आईनं एरंडीचं तेल टाकलं. मंग अजून चोळला."

"तू चूप बस."

"मंग दवाखान्यात जा ना काकाजी. गावात डोळ्याची डॉक्टरीण बसते. दहा मिनिटाची वाट हाय."

भगवानरावनं रस्त्याकडे पाह्यलं. त्याच्या दुकानातले दोन कामगार काम सोडून इकडे येऊन राह्यले होते. शंकरसिंग पण केटली घेऊन निघाला होता.

"म्या दवाखान्यात गेलो तं रोडवर काय तोंड दाखवू? वीस वर्षं लोकायले म्हणलं दवाखान्यात जाऊ नका." त्यानं आवाज खाली केला. "तुले येते. म्या शिकवली तुले. ऋतिकचा हात कापते."

मंग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. उघडली. आगकाडी, दोरा, सुई.

"माहीच हाय. घे."

राजदीपनं सुई ओळखली. दोऱ्याचा रंग पण तोच, हिरवा.

चार वर्षं तो याच्यावर उपाय काढून राह्यला होता. दुकान जाळू, पोराच्या लग्नात जाऊन बोलू, पोलिसात देऊ. आन् हा माणूस सोता आपल्या पायानं आला, सुई घेऊन आला, चार माणसायच्या समोर म्हणते का लाव.

"बसा," राजदीप म्हणे.

लोखंडी खुर्ची त्यानं उजेडात ओढली. भगवानराव बसला. शंकरसिंगनं केटली खाली ठेवली आन् सवयीनं बोलून गेला, "मालक, मान नका हलवू बरं." मंग त्याची त्यालेच जीभ चावल्यासारखी झाली.

राजदीपनं मोबाइलच्या टॉर्चनं पाह्यलं. डोळा टमाट्यासारखा लाल, पाणी थांबत नाही. बुबुळावर, घड्याळात सात वाजतात त्या जागी, काळा ठिपका. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. भोवती तांबूस रिंगण. गंज चढून राह्यला होता. यवतमाळची डॉक्टरीण त्याले तीन महिन्यांत जे शिकवून गेली ते सगळं त्याच्या डोकशात एकदम उभं राह्यलं. चोळायचा नाही. तेल-बिल टाकायचं नाही. सुटी कणी पाण्यानं जाते. बुबुळात रुतलेल्या कणीले आपण हात लावायचा नाही.

त्यानं नळावर जाऊन साबणानं हात धुतले. परत आला. लायटर पेटवला. सुई लाल झाली, मंग काळी.

"वर पाहा."

सुई एका वितीवर आली तशी भगवानरावची मान मागं गेली.

"काकाजी, मान हलली."

"टॉर्चचा उजेड आला म्हणून."

राजदीपनं टॉर्च बंद केला. पुन्हा सुई पुढं नेली. या वेळेस मान उजवीकडे.

"हलली."

कोणीतरी मागं हासलं. भगवानरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ऋतिक, धर मले."

"हो, धर," राजदीप म्हणे. "माहं धरलं होतं तसं धर."

ऋतिक मागं गेला. त्यानं बापाचं डोकं दोन्ही हातायनं पोटाशी आवळलं. राजदीपनं डाव्या हाताच्या दोन बोटायनं पापण्या उघडून धरल्या. आता मान हलायले जागाच नव्हती. लाल डोळा, काळा ठिपका, आन् मधात फक्त हवा.

राजदीपचा हात थंड होता. चार वर्षांनंतर पण तसाच.

डोळा गेला तरी आपल्याले काही होणार नव्हतं. केस होणार नव्हती. सुई त्याची, खुर्चीत बसला आपल्या मर्जीनं, धरलं त्याच्या पोरानं. नंतर फक्त एवढंच म्हणायचं होतं का मान हलवली. तेही वाक्य भगवानरावनं तयार करून ठेवलं होतं, सगळ्या रोडले पाठ होतं. राजदीपच्या तोंडाले लोखंडाची चव आली. अजून पुढं, त्यानं सोताले म्हणलं. आन् हात जरा पुढं गेलाही.

मंग त्याच्या लक्षात आलं का सुई कुठं हाय ते त्याले दिसूनच नाही राह्यलं. सुई दिसत होती, डोळा दिसत होता, पण दोघायच्या मधात किती जागा हाय ते नव्हतं दिसत. गिलासाचं होते तसंच.

"काकाजी, एक सांगू?"

"काढ लवकर."

"मले ही सुई किती लांब हाय ते कळत नाही."

भगवानरावचा चांगला डोळा सुईकडे वळला.

"एका डोळ्यानं अंदाज येत नाही ना. माहा चहा कसा सांडते, पाहता तुम्ही रोज. आता ही बोटभर लांब असन. नाही तं टेकली असन. टेकली का?"

"नाही."

"मंग अजून पुढं घेतो."

"थांब."

"हलू नका."

"थांब बे. थांब म्हणतो ना." खुर्ची किंचाळत मागं सरकली. भगवानराव पोराच्या हातातून सुटून उभाच राह्यला, दोन्ही हात डोळ्यासमोर, जसा कोणी दगड मारून राह्यला. सुई राजदीपच्या हातात जिथल्या तिथं होती.

"शंकरसिंग," राजदीप म्हणे, "मान कोणी हलवली?"

शंकरसिंगनं भगवानरावकडे पाह्यलं. मंग केटलीकडे. "मालकानं."

"बसा काकाजी. नाही लावत सुई. दवाखान्यात म्या नेतो, गाडी हे उभी. पण पहिले एक सांगा. त्या दिवशी काय वाजलं होतं?"

"कुठं काय वाजलं?"

"तुमच्या वरच्या खिशात."

भगवानराव खुर्चीवर बसला. त्याच्या डोळ्यातून पाणी गळून शर्टावर पडून राह्यलं होतं. "ते जुनं काढू नको आता. डोळा आग करते."

"करन ना. गंज चढून राह्यला. रातभरात अजून चढन, मंग पू होईन. मले सगळं माहीत हाय, म्या करून पाह्यलं." राजदीपनं पायानं एक स्टूल ओढलं आन् समोर बसला. "मले घाई नाही."

"बाबा, सांगा ना," ऋतिक म्हणे. "फोन वाजला होता. याचं डोकं माह्या हातात होतं, दगडासारखं होतं."

"तू नको बोलू," राजदीप म्हणे. "तू चार वर्षं नाही बोलला. आता यायलेच बोलू दे."

एक ट्रक गेला. दोन गेले. भगवानरावनं रुमालानं गाल पुसला.

"फोन वाजला होता."

"मोठ्यानं. तुमचे कामगार मागं उभे हायेत."

"फोन वाजला," भगवानराव म्हणे, आता सगळ्यायले ऐकू जाईन असं. "माहा हात दचकला. पोट्टा हलला नव्हता."

कामगारायनं एकमेकाकडे पाह्यलं. त्यातल्या एकाचा हात आपोआप सोताच्या डोळ्याकडे गेला.

राजदीपनं शंकरसिंगच्या टपरीवरून सीलबंद पाण्याची बाटली आणायले सांगतली. सुई परत तापवली आन् तिच्यानं बाटलीच्या झाकणाले छेद पाडला. मंग आगकाडी मोडली आन् सुई भंगाराच्या टोपल्यात टाकली. भगवानराव एका डोळ्यानं पाहत राह्यला.

"मान उजवीकडे तिरपी करा. पापणी म्या धरतो. डोळा खालीवर फिरवा."

नाकाच्या बाजूनं बारीक धार सोडली, पाणी कानाकडे वाहून गेलं. तेलाचे तवंग निघाले. एक पापणीचा केस निघाला. अर्धी बाटली झाली तरी काळा ठिपका जागचा हलला नाही.

"रुतली हाय. हे काम आपलं नाही."

शंकरसिंगकडचा चहाचा नवा कागदी कप त्यानं डोळ्यावर पालथा धरला, डोळ्याले कुठंच टेकणार नाही असा, आन् कपाळाले, गालाले चिकटपट्टी लावली. "दुसरा डोळा पण मिटून घ्या. एक फिरला का दुसरा फिरते, आन् कणी घासते."

भगवानराव दोन्ही डोळे बंद करून, चहाचा कप तोंडावर लावून, राजदीपच्या मोटारसायकलवर मागं बसला. धरायले काही दिसत नव्हतं म्हणून राजदीपचा खांदा धरला. ऋतिक आपल्या गाडीवर मागं निघाला. डॉक्टरीणकडे जायले मागून गल्ली हाय. राजदीप गल्लीनं नाही गेला. सगळी दुकानं लागतात त्या रोडनं गेला, आन् गाडी दुसऱ्या गिअरवर. एकेका दुकानात ग्राइंडर बंद पडत गेलं.

"काहून एवढा हळू चालवून राह्यला?" मागून आवाज आला.

"गड्डे हायेत काकाजी. तुमच्या डोळ्याले धक्का नको."

रोड मागच्याच महिन्यात नवीन झाला होता.

डॉक्टरीणबाईनं थेंब टाकून डोळा बधिर केला. मशीनच्या पट्टीवर हनुवटी टेकवायले लावली. अंधाऱ्या खोलीत तिचा आवाज आला, "अजिबात मान हलवायची नाही हं." राजदीप दारात उभा होता. त्याले हासू आलं, पण त्यानं दाबलं.

पाच मिनिटांत कणी निघाली. मंग तिनं गंजाचं रिंगण पण खरवडलं.

"वेळेवर आलात. अजून एक-दोन दिवस काढले असते तर अवघड होतं. कोणी सुई वगैरे लावली नाही ना?"

"नाही मॅडम," राजदीप म्हणे. "लावणार होते. पण मान हलली."

त्यानं कापसावरची कणी मागून घेतली. बाईले नवल वाटलं, पण तिनं दिली. परत आल्यावर राजदीप चार वर्षांत पहिल्यांदा भगवानरावच्या दुकानात चढला. मॅग्नेट होतं तिथंच होतं. त्यात माहीपण एक हाय, त्याले वाटलं, कोणती ते कोणालेच सांगता येणार नाही. त्यानं कापूस जवळ नेला, कणी टुणकन जाऊन चिकटली.

"मोजून घ्या," तो म्हणे आन् उतरला.

त्या रात्री त्याले वाटलं का आता गाढ झोप लागन. नाही लागली. चांगला डोळा छताकडे, फुलाचा डोळा कुठंच नाही. भगवानरावचा डोळा वाचला होता. दोन्ही डोळे साबूत, सोयाबीनचा हंगाम समोर. आपणच वाचवला. हे काय करून बसलो, असं त्याले तीन-चार वेळा वाटलं. मंग त्यानं कूस बदलली आन् विचार केला का बरंच झालं. फुटका डोळा घेऊन भगवानराव बिचारा झाला असता. लोक हळहळले असते. आता कोणी हळहळणार नाही. आन् रोज शटर उचललं का समोरचं फूल त्याले दोन्ही डोळ्यायनं पाहावं लागन.

पाचव्या दिवशी सकाळी राजदीप टपरीवर गेला. पाच-सहा जण होते. त्यानं गिलासाले हात पुढं केला, अंदाज चुकला, चहा सांडला. कोणीच काही बोललं नाही. शंकरसिंगनं फडक्यानं पुसलं आन् दुसरा गिलास थेट त्याच्या बोटात दिला.

तेवढ्यात भगवानराव आला. काळा चष्मा. पट्टी निघालेली. शंकरसिंगनं त्याले चहा दिला. भगवानरावनं चष्म्यावरून बाजूले पाह्यलं तं राजदीप, आन् गिलास जरासा हिंदकळला.

"काकाजी," राजदीप म्हणे, "मान नका हलवू. चहा सांडते."

पहिले कोणी हासलं नाही. मंग भगवानरावच्याच दुकानातला कामगार फसकन हासला, मंग बाकीचे. भगवानराव तसाच उभा राह्यला. सगळे आपापल्या कामाले पांगले तवा जवळ आला.

"झालं ना तुहं आता?"

राजदीपनं विचार केला. खरंच केला. मनात शोधलं, कुठं काही शांत झालं का.

"नाही झालं काकाजी. तुमचं चार वर्षं चाललं. माहा तं आज पाचवा दिवस हाय."

त्यानं उरलेला चहा पिला, गिलास ठेवला. ठेवताना जरा चुकला, पण या वेळेस गिलास रिकामा होता. समोर जाऊन त्यानं शटर उचललं, गॉगल डोळ्यावर घातला आन् ग्राइंडर चालू केलं.